न्याहारीच्या वाटीतील साखर



या अंकातील आरोग्यपाठासाठी मी न्याहारीचा विषय घेतला आहे. त्यातही एका विशिष्ट न्याहारीचा. रंगीत खोक्यात किंवा छोट्या पाकिटात मिळणारे, दुधात घालून खायचे चॉकलेटी किंवा मधाच्या चवीचे तयार धान्यपदार्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. शहरात त्यांना सीरियल म्हणतात. आमच्या भागातील मुले त्याला 'चॉकलेटवाले पाकीट' म्हणतात.

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यातले गाव. जुना मोठा तलाव, धानाच्या बांध्या आणि लगेच नागझिऱ्याचे जंगल. वाघ पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या जिप्सी इथल्या प्रवेशद्वारातून आत जातात. मी परिचारिका म्हणून या परिसरातील वस्त्यांवर आरोग्यभेटींना जाते आणि आयांसाठी आहाराचे वर्ग घेते. अशा ठिकाणी खोक्यातल्या न्याहारीची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. ती न्याहारी येथे दोन वाटांनी येते, म्हणून ही चर्चा. पहिली वाट किराणा दुकानाची. दारावर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळेत कुरकुरे आणि बिस्किटांच्या शेजारी आता हेही पाकीट असते. दुसरी वाट आपल्या दानाची. नाताळच्या आणि शाळा उघडण्याच्या सुमारास मुलांसाठी जे खाऊचे खोके येतात, त्यांत हे गोड पदार्थ आणि दुधात मिसळायच्या चॉकलेटी पावडरी हमखास असतात. ते प्रेमाने पाठवलेले असतात यात शंका नाही. म्हणूनच त्यांच्या आत काय आहे हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

ही न्याहारी आली कोठून

आपल्या वाचकांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. खोक्यातल्या न्याहारीचा जन्म एका मंडळीच्या आरोग्यकार्यात झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचे गाव आहे. तेथे सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीने १८६६ मध्ये एक आरोग्यगृह सुरू केले. १८७६ पासून डॉक्टर जॉन हार्वे केलॉग त्याचे प्रमुख होते. त्या काळात अमेरिकेत सकाळच्या जेवणात मांस आणि चरबी भरपूर असे आणि अपचनाची तक्रार घरोघर होती. रुग्णांना हलके, मांसविरहित अन्न द्यावे म्हणून या आरोग्यगृहात धान्याचे निरनिराळे प्रयोग चालत. १८९४ मध्ये शिजवून ठेवलेला, शिळा झालेला गहू लाटण्याच्या यंत्रातून काढला, तेव्हा सलग पोळी न होता प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी झाली. ती भाजली आणि रुग्णांना आवडली. पुढे मक्यावर तोच प्रयोग झाला.

डॉक्टरांचा धाकटा भाऊ विल कीथ केलॉग आरोग्यगृहाचा कारभार पाहत असे. या पापड्यांत साखर घालून त्या बाजारात विकाव्यात असे त्याचे मत होते. थोरल्याला ते मान्य नव्हते. १९०६ मध्ये धाकट्याने स्वतःची कंपनी काढली आणि भावाभावांत कायमचे वितुष्ट आले. त्यानंतर चार दशकांनी साखरेचे लेपच चढू लागले. १९४९ मध्ये पोस्ट कंपनीने आणि १९५२ मध्ये केलॉग कंपनीने साखरेत घोळवलेले पदार्थ आणले. तेव्हा नावातच 'शुगर' हा शब्द मोठ्या दिमाखात छापलेला असे. पुढे साखरेविषयी लोक सावध झाले, तसा नावातून तो शब्द गळून पडला. डब्यातली साखर मात्र राहिली.

भारतात केलॉग कंपनी १९९४ मध्ये आली. तिचा कारखाना आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे उभा राहिला. सुरुवातीला तिचा जम बसला नाही, कारण आपण दूध गरम घेतो आणि गरम दुधात पापड्यांचा लगदा होतो. शिवाय सकाळी तिखटमीठ खाणाऱ्या माणसाला ते अळणी लागे. मुलांसाठी चॉकलेटी प्रकार आले तेव्हा चित्र पालटले. रुग्णासाठी शोधलेले सौम्य अन्न अशा रीतीने लेकरांचा खाऊ झाले.

साखर किती चालते

साखर हे विष नव्हे. सणाला पुरणपोळी खावी, वाढदिवसाला केक कापावा. प्रश्न रोजच्या सवयीचा आणि मापाचा आहे, म्हणून माप आधी समजून घेऊ.

फळांत आणि दुधात जी साखर मुळातच असते तिच्याबद्दल येथे बोलणे नाही. आपण किंवा कारखान्याने वरून घातलेली साखर, तसेच गूळ, मध आणि फळांचा रस यांतली साखर मोजायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की दिवसभरात लागणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक अशा साखरेतून यावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही ५ टक्क्यांची रेघ आखलेली आहे. मोठ्या माणसासाठी ती साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे होते. दोन वर्षांखालील बाळाला तर वरून साखर घालून काही देऊच नये.

आता पाच वर्षांच्या मुलाचा हिशोब करू. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० उष्मांक लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ६८. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात. म्हणजे त्या मुलाची दिवसभराची साखर १७ ग्रॅम झाली. सैल रेघ धरली तर ३४ ग्रॅम.

समजा, एका पाकिटावर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर लिहिली आहे. चॉकलेटी प्रकारांत असा आकडा दिसला तर नवल वाटायला नको. कंपनी एका वेळचे माप ३० ग्रॅम छापते. त्यात ९ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर झाली. पण ३० ग्रॅम म्हणजे वाटीच्या तळाशी पसरेल एवढेच. घरात मूल वाटी भरून घेते आणि ते सहज ६० ग्रॅम होते. त्यात साखर १८ ग्रॅम. मुलाने शाळेची पायरी चढण्याआधीच दिवसाची साखर संपली. त्यानंतरचा गोड चहा, बिस्कीट, चॉकलेट हे सगळे वरचे.

एका वर्गात मी हा हिशोब फळ्यावर न लिहिता ताटलीत मांडला. एका भरल्या वाटीतली साखर चमच्याने मोजून कागदावर ढीग केला. एक आजी तो बघून म्हणाल्या, "बाई, एवढी साखर तर आमच्या घरी चार माणसांच्या चहात पडते." त्या दिवशी यापेक्षा जास्त शिकवावे लागले नाही.

या साखरेने काय होते? दातांना कीड लागते हे पहिले आणि सर्वांना दिसणारे. चिकट गोड कण दातांच्या खाचांत बसतात, तोंडातले जंतू त्यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते. दवाखाना दूर असलेल्या गावात दातदुखी म्हणजे रात्र-रात्र रडणे आणि शाळा बुडणे. दुसरे, फुगवलेले आणि साखर घातलेले धान्य पोटात लवकर विरघळते, त्यामुळे मुलाला लवकर पुन्हा भूक लागते. तिसरे, जीभ सवयीची होते. एका आईने मला सांगितले, "हे खाल्ल्यावर लेकरू पेजेकडे बघतसुद्धा नाही." मला या तिसऱ्या गोष्टीची काळजी सर्वांत जास्त वाटते. पाकीट कधीतरी संपते. पेज, भात, वरण, भाजी हेच त्या मुलाचे आयुष्यभराचे अन्न आहे, आणि त्याची चव उतरली तर घरात दुसरे काही नसते.

पाकीट वाचायला शिकू या

खोक्याच्या पुढच्या बाजूला कंपनी बोलते. मागच्या बाजूला तिला कायद्याप्रमाणे बोलावे लागते. म्हणून मागची बाजू वाचावी. आपल्या देशातील अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर ही वेगवेगळी छापावी लागते. अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात, पण सातवीतले मूल ती वाचू शकते. आमच्या वर्गात आया पाकीट धरतात आणि मुली वाचून दाखवतात. पाहायच्या गोष्टी चार आहेत.

पहिली, 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' या ओळी. आकडा १०० ग्रॅममागे किती आहे ते बघावे, एका वेळच्या मापात किती ते नव्हे. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांसाठी एक सोपी मोजपट्टी वापरतात: १०० ग्रॅममागे ५ ग्रॅम किंवा कमी साखर असेल तर हिरवा रंग, २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल. ही मोजपट्टी मनात ठेवायला चांगली आहे.

दुसरी, घटकांची यादी. ज्याचे वजन सर्वांत जास्त ते नाव आधी, असा क्रम ठेवणे बंधनकारक आहे. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो पदार्थ न्याहारीपेक्षा मिठाईच्या जवळचा समजावा.

तिसरी, साखरेची दुसरी नावे. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ, माल्टचा अर्क ही सगळी त्याच घरची माणसे. यादीत ती विखुरलेली असली की प्रत्येकाचे नाव मागे जाते आणि धान्य पुढे दिसते.

चौथी, वजन आणि किंमत. १० रुपयांच्या पाकिटात २५ ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव ४०० रुपये झाला. आमच्या जिल्ह्यात घरोघरी धान पिकते. त्या धान्याचा भाव आणि या पाकिटातल्या धान्याचा भाव आया जेव्हा शेजारी मांडतात, तेव्हा वर्गात बराच वेळ शांतता असते.

पुढच्या बाजूला 'जीवनसत्त्वे आणि लोहयुक्त' असेही लिहिलेले असते. ते खोटे नसते. कारखान्यात ही द्रव्ये वरून मिसळतात. पण त्यांच्यासोबत एवढी साखर घेण्याची गरज नाही. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा मुलांना लोह द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. खोक्यावरचा शब्द वाचून आपण ते ठरवू नये.

काही वाचक म्हणतील, सरकार लक्ष देत नाही का? देते, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले की बोर्नव्हिटासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढावीत, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधील पब्लिक आय या संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या बाळांच्या अन्नात एका वेळच्या मापामागे सरासरी जवळजवळ ३ ग्रॅम साखर घातलेली होती, तर जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या तशाच उत्पादनात ती नव्हती. आपण भारतीय नियम पाळतो आणि साखर कमी करत आणली आहे, असे कंपनीने उत्तर दिले. नियम पाळूनही असे होऊ शकते, हेच त्यातून शिकायचे. चिली देशाने २०१६ मध्ये जास्त साखरेच्या पदार्थांवर काळा शिक्का सक्तीचा केला आणि मुलांना भुलवणारी कार्टून चित्रे अशा खोक्यांवरून हटवली. त्यात खोक्यावरचा प्रसिद्ध वाघही गेला. नागझिऱ्याच्या काठावरच्या मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती खूश होतात. खरा वाघ त्यांच्या घरामागे आहे, चित्रातल्या वाघाची त्यांना गरज नाही.

'पण आपली मुले बारीक आहेत ना?'

हा प्रश्न मला देणगीदारांनी अनेकदा विचारला आहे आणि तो रास्त आहे. लठ्ठ मुलांनी साखर टाळावी हे ठीक, पण आदिवासी वस्तीवरच्या अशक्त मुलाला चार उष्मांक जास्त मिळाले तर बिघडले कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी होते. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत. ही मुले फक्त उष्मांकांना मुकलेली नाहीत. उंची वाढायला प्रथिने लागतात, रक्ताला लोह आणि फॉलिक ॲसिड लागते, हाडांना कॅल्शियम लागते. साखरेत यांपैकी काहीच नाही. लहान मुलाचे पोट लहान असते. ते साखरेने भरले तर डाळीला आणि अंड्याला जागा उरत नाही. म्हणून अशक्त मुलाच्या बाबतीत वाया गेलेला घास जास्त महाग पडतो.

उष्मांक वाढवायचेच असतील तर त्याला चांगला मार्ग आहे. चमचाभर साखरेत सुमारे २० उष्मांक असतात. चमचाभर तेलात सुमारे ४५. पेजेत किंवा वरणात चमचाभर तेल घातले की वाटी मोठी न करता ताकद वाढते. मूठभर शेंगदाण्यांत तेलही आहे आणि प्रथिनेही.

तीव्र कुपोषित मुलांना दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या पाकिटात साखर असते, हे काही डॉक्टर वाचक मला लिहून कळवतील. ते खरे आहे. पण त्यात शेंगदाण्याचा लगदा, दूधभुकटी, तेल आणि मोजून घातलेली खनिजे व जीवनसत्त्वेही असतात. ते ठरावीक दिवस, देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. त्याची तुलना दुकानातल्या माळेवरच्या पाकिटाशी होत नाही.

मोहाच्या हंगामातील सकाळ

पाकीट का येते हे समजून न घेता आयांना उपदेश करणे अन्यायाचे होईल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. गुरे आणि वन्यप्राणी येण्याआधी ती वेचावी लागतात, म्हणून आई उजाडण्यापूर्वी घर सोडते. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसात धानाची रोवणी. वर्षातले कितीतरी दिवस मूल उठते तेव्हा आई घरात नसते आणि चूल थंड असते. अशा वेळी थोरली बहीण धाकट्याच्या हातात जे तयार असेल ते देते. एरवी तेथे कोरा गोड चहा आणि बिस्कीट असते. आता त्या जागी पाकीट आले आहे. दोन्हींत मुख्य माल एकच, साखर.

म्हणून 'पाकीट घेऊ नका' एवढे सांगून भागत नाही. चूल न पेटवता, दहा वर्षांच्या मुलीला वाढता येईल असे दुसरे काही घरात असायला हवे. आमच्या वर्गाचा अर्धा वेळ आता या एका प्रश्नावर जातो.

वाटीत काय असावे

आपल्याकडे पापडीच्या न्याहारीचा शोध बॅटल क्रीकच्या कितीतरी आधी लागला आहे. धान भिजवून, भाजून, कुटून केलेले पोहे म्हणजे तेच. मुरमुरे म्हणजे फुगवलेले धान्य. फरक एवढाच की यांत साखर नाही, आणि ते इथल्याच धानाचे आहेत.

तरीही आपल्या पदार्थांचे खोटे कौतुक नको. नुसते पोहे किंवा नुसते मुरमुरेही पोटात लवकर पचतात आणि त्यांत प्रथिने कमीच. साध्या कॉर्नफ्लेक्सचेही तसेच आहे. साखर कमी असली तरी ते एकटे पुरत नाहीत. धान्याला जोडीदार हवा. ६० ग्रॅम पोह्यांत सुमारे ४ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात २० ग्रॅम शेंगदाणे घातले की आणखी ५ ग्रॅमच्या आसपास येतात. एकूण ९. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गरज एका बशीत भागली. गोड सीरियलच्या भरल्या वाटीत धान्यातून ४ ग्रॅमच्या आसपासच येतात. दूध घातले तर त्यात भर पडते, पण ते श्रेय दुधाचे आहे आणि दूध पोह्यांबरोबरही पिता येते.

वर्गात आम्ही चार प्रकार ठरवले आहेत.

१. चूल नसताना: मुरमुरे, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र करून घट्ट झाकणाच्या डब्यात. वर मीठ आणि थोडे तिखट. आई आठवड्याचे एकदम करून ठेवते. लहान बाळाला अख्खे दाणे घशात अडकू शकतात, म्हणून त्याच्यासाठी हेच भरडून, पाण्यात किंवा दुधात कालवून द्यावे.

२. चूल असताना: कांदा-शेंगदाणे घातलेले पोहे, वर लिंबू. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह शरीरात चांगले शोषले जाते.

३. पेज: तांदळाच्या कण्यांबरोबर मूठभर मूगडाळ शिजवावी. मुनग्याचा पाला बारीक करून घालावा आणि शेवटी चमचाभर तेल. मुनगा जवळपास प्रत्येक अंगणात आहे आणि त्याचा पाला लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाने भरलेला आहे.

४. उकडलेले अंडे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. रात्री उकडून ठेवले तर थोरली बहीण सकाळी फक्त सोलते. उन्हाळ्यात मात्र ते रात्रीच खाऊन घ्यावे, कारण उकाड्यात ते टिकत नाही.

गुळाविषयी सर्वत्र विचारले जाते. गूळ चवीला आणि मनाला चांगला वाटतो, पण दातांच्या आणि उष्मांकांच्या हिशोबात तो साखरच आहे. मोहफुलेही गोड असतात ती साखरेमुळेच. वाळवलेली मोहफुले भाजून किंवा भाकरीत घालून खाण्याची जुनी रीत आहे. ती अधूनमधून चालू ठेवावी, रोजच्या न्याहारीत नको. अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या पाकिटांपैकी काही मिश्रणे गोड असतात. तेथेही मागचा तक्ता वाचण्याची हीच सवय वापरावी आणि सोबत डाळ, भाजी, अंडे यांची जोड द्यावी. त्या पाकिटात डाळ आणि धान्यही असते, म्हणून ते टाकून मात्र देऊ नये.

आपल्या दानाविषयी

आता सर्वांत अवघड भाग, कारण तो आपल्याशी संबंधित आहे. दान घेणाऱ्याने देणाऱ्याला 'हे नको, ते द्या' असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते. मी बराच काळ हे लिहायचे टाळले. पण देणाऱ्याच्या मनात मुलाचे भले आहे, म्हणून ते भले कशात आहे हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

गोड सीरियलचा एक मोठा खोका आणि एक चॉकलेटी पावडरीची बरणी यांच्या किमतीत कितीतरी शेंगदाणे आणि फुटाणे येतात. म्हणून पुढील सणाला खोके भरताना हा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

पाठवावे: पोहे, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मूगडाळ, गोडे तेल, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, मुलांसाठी दातांचे ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट. अंडी प्रवासात टिकत नाहीत. त्यांच्यासाठी पैसे पाठवावेत, आम्ही गावातच कोंबड्या पाळणाऱ्या घरांकडून घेतो. त्यामुळे दोन घरांना आधार होतो.

पाठवू नये: चॉकलेटी किंवा साखरेचा लेप असलेले धान्यपदार्थ, दुधात मिसळायच्या गोड पावडरी, क्रीमची बिस्किटे, आणि बाळांचे डबाबंद अन्न. बाळासाठी पहिले सहा महिने आईचे दूधच हवे आणि त्यानंतर घरचे मऊ अन्न व आईचे दूध.

नाताळला गोड नको का? जरूर हवे. एक दिवस करंज्या आणि केक सर्वांनी मिळून खावेत. त्या दिवसाचा आनंद त्या दिवशी घ्यावा. तो खोक्यात भरून तीन महिने रोज सकाळी वाटू नये.

वर्गासाठी कृती आणि प्रश्न

संडे स्कूल, महिला मंडळ आणि तरुण संघ यांनी हा पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा. एक तास पुरतो.

कृती: आपल्या घरात असलेले न्याहारीचे किंवा दुधात घालायचे एक पाकीट आणावे. घरी मूल घेते तेवढाच माल वाटीत ओतून वजन करावे. १०० ग्रॅममागची साखर पाहून वाटीतली साखर काढावी. तिला ५ ने भागले की चमचे मिळतात. तेवढी साखर ताटलीत ठेवून मुलांना दाखवावी. मुलांना रागावू नये, फक्त दाखवावे.

१. आपल्या घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात काल दिवसभरात चहा, बिस्कीट, सरबत, न्याहारी मिळून किती चमचे साखर गेली?

२. आपल्या मंडळीत संडे स्कूलनंतर मुलांना कोणता खाऊ मिळतो? त्याऐवजी काय देता येईल, आणि ते कोण करील?

३. पहाटे कामाला जाणाऱ्या आईच्या घरी, चूल न पेटवता, तीन भावंडांची न्याहारी कशी होईल? आपल्या भागात मिळणाऱ्या वस्तूंची यादी करा.

४. मागील वर्षी आपल्या मंडळीने पाठवलेल्या खोक्यांत काय होते ते आठवा. या वर्षीची यादी आताच लिहून काढा आणि खरेदी करणाऱ्यांच्या हाती द्या.

आपण केलेल्या याद्या आम्हाला जरूर कळवाव्यात. त्यांतील चांगल्या कल्पना पुढील वर्गात चोरखमाऱ्याच्या आयांपुढे मी मांडीन, आणि त्या काय म्हणतात तेही आपल्याला कळवीन.